समोरच्या खोलीतला खोकला

मी, कमलाकर धोंडू खैरे, वय ८१, होजिअरी फॅक्टरीतला निवृत्त कामगार, राहणार लेस्टर, शिक्षण सातवी. माझं डोकं ठिकाणावर आहे. कुणीही दमदाटी केलेली नाही. आधी केलेलं मृत्युपत्र रद्द समजावं. वकिलाने याचं इंग्रजी करताना आपल्या मनाचं काही घालू नये.

१. माझी पत्नी आशा हयात असेपर्यंत हे घर विकू नये. पुन्हा लिहितो, विकू नये. तिला म्हाताऱ्यांच्या केअर होममध्ये ठेवू नये. मुलगा सुयश म्हणतो, "बाबा, तिथे प्रॉपर केअर मिळते. आई सेफ राहील." माझ्या ऑपरेशनच्या वेळी तिला एका होममध्ये ठेवलं होतं. तिथे तिला आठवडाभर खोकल्याचं औषध पाजलं. तिला खोकला नव्हता. कारण पुढे लिहिलं आहे.

२. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीच्या व्हरायटी कार्यक्रमासाठी कलाकार निवडायचं काम अनेक वर्षं माझ्याकडे होतं. शेवटच्या वर्षी आम्ही जुनं थिएटर भाड्याने घेतलं होतं. त्या दिवसाचा माझा निकाल असा: मुलांचं लेझीम बरं, पण लांबलं. अंशुमनची जादू कच्ची, पत्ता बाहीतून दिसला. आशाच्या नकला पहिल्या नंबरच्या. बायको म्हणून लिहीत नाही. कुकरची शिट्टी, बसचा ड्रायव्हर आणि शेवटी माझा खोकला. माझा खोकला सगळ्या मंडळाला पाठ होता.

त्या दिवशी खोकला काढता काढता तिचं तोंड वाकडं झालं, हात लोंबला. लोक आणखी हसले. निवेदक शार्दूल माईकवर ओरडला, "वन्स मोअर, काकू!" मी मागे दिव्यांपाशी होतो, मला फक्त हसणं ऐकू आलं. पुढचा नंबर मंडळातल्या नीनाच्या गाण्याचा होता, त्या वर्षी गाणारं दुसरं कुणी नव्हतं म्हणून तिला घेतलं होतं. ती विंगेतून धावली, आशाला पडता पडता धरलं आणि ओरडली, "पडदा पाडा! हसताय काय!"

३. म्हणून आशाची काळजी आणि या मृत्युपत्राची अंमलबजावणी नीनाकडे देतो. तिने इथे बिनभाड्याने राहावं. माझी बचत आशाच्या औषधपाण्याला वापरावी. आशाच्या मागे घर सुयश आणि नीना यांना निम्मं निम्मं. सुयश, रागावू नकोस. तू येतोस तेव्हा छान वाटतं, पण कोट न काढता बसतोस.

नीनाला आधी विचारलं आहे. ती म्हणाली, "काका, तुम्ही मला दरवर्षी नापास करायचात."

"गाण्यात केलं. हे गाणं नाही."

"मग राहीन. पण रियाज इथेच करणार."

हार्मोनियम तिला द्यावी. गाणं बेसूर आहे, तो निकाल बदलत नाही.

४. त्या दिवशीचा माईक माझा होता, तो शार्दूलला द्यावा. तो बंद आहे, दुरुस्त न करता द्यावा. "काका, मला ॲक्टच वाटला," असं तो अजून सांगतो. सगळ्यांनाच वाटला. पण माईक त्याच्या हातात होता. माझ्या शोकसभेत त्याने बोलू नये.

५. हे सर्वांत महत्त्वाचं. अर्धांगाच्या त्या झटक्यात आशाचं बोलणं गेलं. सगळे आवाज गेले, फक्त माझा खोकला राहिला. पाणी हवं, कूस बदलायची, भीती वाटते, सगळ्याला तेवढाच. आता आम्ही दोघं खोकतो, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही. मी गेल्यावरही समोरच्या खोलीतून माझा खोकला येईल. कुणी दचकू नये. हसू नये. तिला औषध पाजू नये. ती मला हाक मारते. मी "आलो गं" म्हणून जातो. नीनाने "आले" म्हणावं आणि लगेच जावं.

गॅस बंद आहे का तेही बघावं.

खाली सही करणाऱ्या शेजाऱ्यांना यातून काहीही मिळणार नाही. मी त्यांच्या डोळ्यांदेखत सही केली आणि त्यांनी माझ्यासमोर.

कमलाकर धोंडू खैरे (सही)

साक्षीदार: हरीश पटेल (सही), सीमा पटेल (सही)

लेस्टर, १४ नोव्हेंबर २०२४