घसा, डिंक आणि मी

४ मार्च, सोमवार. सकाळी ७
घसा बसलाय. नेमकी शुक्रवारी रेकॉर्डिंग! बावीस वर्षं बस स्टँडवर मी गाड्या पुकारतोय. आता आवाज एकदाच भरून घेणार, पुढे मशीन पुकारणार. तो आवाज माझाच हवा. रिटायर झालो तरी मागे काहीतरी राहील. डॉक्टरकडे जाणार नाही. गोळ्यांनी आवाजाची वाट लागते.

संध्याकाळी
जडीबुटीवाल्याने बाभळीचा डिंक दिला. खडा गालात धरायचा, विरघळेपर्यंत अवाक्षर काढायचं नाही, म्हणाला. सोपं आहे. या विषयावर त्याच्याशी तासभर बोललो.

५ मार्च
बायकोचाही घसा धरलाय. तिलाही खडे दिले, डिंकाचे गुण समजावले. मध्ये एकदाही बोलली नाही. लग्नाला तीस वर्षं झाली, एवढं मन लावून पहिल्यांदाच ऐकलं.

६ मार्च
स्टँडवर सगळेच खोकताहेत. प्रत्येकाला मौनाचं महत्त्व पटवलं. कँटीनवाल्याला दोनदा, तो जरा मंद आहे. बोलताना खडा तोंडातून उडाला आणि कंट्रोलरच्या रजिस्टरला चिकटला. पान फाटलं. म्हणजे डिंक अस्सल आहे.

७ मार्च
आवाज पूर्ण गेला. डिंक भेसळीचा! जडीबुटीवाल्याला फोनवर झापलं, तर तो नुसतंच हॅलो हॅलो करत बसला. हिराबोळाच्या गुळण्या केल्या. कडू जहर. बायको अजून गप्पच. रुसलीस का, असं कागदावर लिहून विचारलं, तर गालाकडे बोट दाखवलं. दाढ दुखत असेल.

८ मार्च
माइकसमोर तोंड उघडलं. गंजलेली बिजागरी बरी. बायको सोबत आली होती, तिने साहेबांकडे माझ्यासाठी दोन दिवस मागितले. चार दिवसांतलं तिचं पहिलं वाक्य. रेकॉर्डिंगवाल्याने मान वर केली. बाई, परत बोला, म्हणाला. ती माझ्याकडे बघून नको नको म्हणत होती. मीच मान डोलावली. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

१८ मार्च
आवाज परत आला. मशीनही सुरू झालं. कँटीनवाल्याला सांगत होतो, की आवाज तिचा असला तरी डिंक माझा, सल्ला माझा. तेवढ्यात स्पीकरवरून बायको खणखणीत म्हणाली, कृपया शांतता राखावी.
आख्खं कँटीन हसलं. खिशात एक खडा उरला होता, तो गालात टाकला.