धुरासाठी काढलेल्या दोन विटा

नाना, तालीम वाचली आणि चीत मी झाले. तुम्हाला कुस्तीची हकिकत नेहमी शेवटापासून लागायची. कोणी फड पाहून आला की त्याला पाणीही न विचारता तुम्ही म्हणायचात, "चीत कोन व्हयना ते आधी सांग, मंग बाकीनं सांग." म्हणून निकाल आधी सांगितला. बाकीचं सावकाश सांगते. तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं झाली, तेव्हा घाई तुम्हाला नसावी. मीही अमळनेरच्या शाळेतून निवृत्त होऊन माहेरी, तुमच्याच घरात येऊन राहिले आहे, आणि निवृत्त मास्तरणीला कसली घाई?

तुमच्यामागे जगात एक साथ येऊन गेली. तिच्यात सरकारचा पहिला नियम असा, की माणसानं माणसाला शिवायचं नाही, सहा फूट लांब राहायचं. देवळं बंद, शाळा बंद, एस. टी. बंद. पण देव देवळात एकटा बसू शकतो, शाळा फोनवर भरते, दुकानदार मागच्या दारानं माल देतो. कुस्ती एकट्यानं खेळता येत नाही आणि सहा फुटांवरून तर मुळीच नाही. तालमीला कुलूप लागलं. मातीला ना ताक मिळालं ना तेल, तिला शेताच्या बांधासारख्या भेगा पडल्या. उन्हाळ्याच्या वादळात छपराचे दोन पत्रे उडून कोणाच्या तरी कपाशीच्या वावरात जाऊन पडले. मग पंचायतीतले लोक हळूच बोलू लागले, की जागा रस्त्याला लागून आहे, तालीम अशीही बंदच आहे, पाडून तिथं गाळे काढू. एके सकाळी भाऊ आपल्या ओट्यावर येऊन बसला. भाऊ म्हणजे तुमचा थोरला पठ्ठा, अमळनेरच्या तेलाच्या गिरणीत पोती उचलून संध्याकाळी तालमीत यायचा तो. तुमच्यामागे आता तोच वस्ताद आहे. मला म्हणाला, "अक्का, माटी मरी जाई. आते काय करानं?" आयुष्यभर दुसऱ्यांना पाडत आलेला माणूस ओट्यावर असा गुडघे जवळ घेऊन बसला, की मला धडकी भरली.

उपाय शेठनं आणला. तोही तुमचाच पठ्ठा, मारवाडी कापडवाल्यांचा मुलगा. अशक्त म्हणून बापानं तालमीत आणून सोडला होता. आता तो तालमीचा अध्यक्ष आहे, आणि त्याचं पोट सभेला त्याच्याआधी पोचतं. त्यानं बातमी आणली, की साथीत मोडून पडलेल्यांना सरकार मदत देणार आहे: खेळांना वेगळी, जुन्या वास्तूंना वेगळी, धंद्यांना वेगळी. शेठ म्हणाला, "तिन्हीकडे हात घालू. एक तरी पाय सापडेल."

तेव्हापासून शेठच्या गाडीतून जळगावच्या वाऱ्या सुरू झाल्या. आपलं गाव दवाखान्याला, बाजाराला, सोयरिकीला धुळ्याचं. फक्त सरकारला जळगावचं. धंद्याच्या ऑफिसात विचारलं, तुमचा व्यवसाय काय? भाऊ म्हणाला, पोरं तयार करतो. फी काय घेता? भाऊला प्रश्नच कळेना. "फी कशानी? पोरगा घरना शे." साहेबांनी सांगितलं, मग हा धंदा नाही. तिथून जुन्या वास्तूंच्या ऑफिसात. तिथले साहेब प्रेमळ होते, त्यांनी फोटो पाहून विचारलं, रस्त्याकडच्या भिंतीचे दगड गावच्या गढीचे आहेत का? आता आली पंचाईत. होय म्हणावं तर चोर ठरतो, नाही म्हणावं तर वारसा बुडतो. शेठ टेबलाखालून भाऊचा पाय दाबत राहिला. भाऊ म्हणाला, "दगड गढीना शेतस, पन आम्ही नही आनेल. त्या आपला आपला चालत उनात." साहेबांनी फोटो परत केले.

राहिलं खेळाचं ऑफिस. तिथं तालीम चालू असल्याचा पुरावा हवा होता. तालीम चालू ठेवायला बंदी आणि चालू असल्याचा पुरावा द्या, असं दोन्ही एकाच सरकारचं म्हणणं. भाऊनं डोकं लढवून व्हिडिओ काढला. दोन पैलवान, मधे सहा फूट, दोघांच्या तोंडाला मास्क. ते लांबूनच एकमेकांकडे हात फेकत होते आणि मांड्या ठोकत होते. आमच्या ह्यांनी, म्हणजे तुमच्या जावयांनी, पाहिला आणि विचारलं, यांचं भांडण शेताच्या बांधावरून आहे का? ऑफिसातूनही साधारण तसाच प्रश्न आला. वर एक अट आली: तालमीत महिला खेळाडू हव्यात, निदान दोन. नियम जरा सैल झाले की मॅडम स्वतः पाहायला येतील.

नाना, ही अट ऐकून भाऊ तीन दिवस आपल्या ओट्याकडे फिरकला नाही. त्याची स्वतःची नात धुळ्याला कुस्ती शिकत होती, साथीमुळे घरी परतली होती, आणि सराव मोडू नये म्हणून अंगणात ज्वारीच्या पोत्यांना पाडत होती. धुळ्याला ती खेळायची त्याला त्याची ना नव्हती. "मॅटवर बठ्ठं चालस. माटी येगळी शे." मातीत बाईचा पाय नाही, हा तुमचा नियम. नातीनं अंगणातली पोती उसवली, ज्वारी सांडली, तरी माती वेगळी. शेवटी तालमीतल्या मारुतीला कौल लावायचं ठरलं. त्याच्या डोक्यावर फूल ठेवलं; उजवीकडे पडलं तर होय, डावीकडे पडलं तर नाही. फूल सकाळपासून हललं नाही. दुपारी शेठ म्हणाला, फार उकडतंय, आणि त्यानं टेबलफॅन लावला. फूल उजवीकडे पडलं. मारुतीनं फक्त पोरीसोरींना परवानगी दिली आहे, असा अर्थ भाऊनं लगेच काढून ठेवला.

मला त्या नियमाची पहिली ओळख झाली तो दिवस तुम्हाला आठवतो का? मी आठेक वर्षांची आहे. मामा आलेत, नानांना बोलाव, असं आई सांगते. मी पळत तालमीच्या दारात येते. तुमच्या बगलेत भाऊची मान आहे, तो सुटायच्या बेतात आहे. माझा एक पाय उंबऱ्याच्या आत, अजून हवेत. तुम्ही मान न वळवता गरजता, "तठेच उभी राय! माटीमा पाय नको ठेऊ!" मी जागच्या जागी थिजते. माझ्याबरोबर भाऊही थिजतो, आणि तुम्ही त्याला आरामात उताणा करता. त्या कुस्तीचं खापर तो आजही माझ्यावर फोडतो. मी घरी येऊन चुलीपुढे रडत बसले. नवल म्हणजे मातीचं सगळं खाणंपिणं माझ्याच हातचं. भाऊ घमेलंभर माती मागच्या दारी आणून द्यायचा, मी तिच्यात ताक, हळद, तेल, लिंबू घालून मळायची, आणि ते घमेलं विरजणासारखं बाकीच्या मातीत मिसळलं जायचं. ताक किती आंबट हवं, ते अजून माझ्याइतकं कोणाला कळत नाही.

त्याच आठवड्यात तुम्ही स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीतली, म्हणजे तालमीला लागून असलेल्या भिंतीतली, एक वीट काढली. चुलीचा धूर जायला जागा हवी, म्हणालात. धूर थेट तालमीत जाऊ लागला. आई म्हणाली, कोणी चुलीचा धूर पैलवानांवर सोडतं का? तुम्ही म्हणालात, "धूर खाईसन छाती मजबूत व्हई." तुमचे पठ्ठे खोकत खोकत जोर मारायचे. मी त्या भोकाला डोळा लावून सगळे डाव पाहायची: ढाक, कलाजंग, धोबीपछाड. भाकरी करपायची तेव्हा आईला कळायचं, की आत कुस्ती रंगात आली आहे. दोनतीन वर्षांनी तुम्ही आणखी एक वीट काढली, वीतभर वर. म्हणालात, एका विटेनं धूर भागत नाही.

मॅडम आल्या त्या दिवशी माती तयार होती. मी दोन दिवस मळत होते. रावेरकडची एक केळीवाल्यांची मुलगी नातीची जोडीदार म्हणून यायची होती, पण तिच्या गल्लीत रुग्ण निघाला आणि गल्ली बंद झाली. इकडे मॅडमची गाडी दारात उभी. मॅडम म्हणजे पंचविशीची मुलगी, तोंडावर मास्क, हातात फाईल. शेठनं लग्नात गुलाबपाणी शिंपडतात तसं सगळ्यांवर सॅनिटायझर शिंपडलं. मॅडमनी सँडल काढली, उंबऱ्यापाशी थांबल्या आणि विचारलं, "मी आत येऊ का?" शेठनं भाऊकडे पाहिलं, भाऊनं मारुतीकडे पाहिलं. यावेळी पंख्याची सोय नव्हती, लाईट गेली होती. मग भाऊ म्हणाला, "या ना. तुम्ही साहेब शेतस. साहेबले चालस."

मी कमरेवर घमेलं घेऊन उंबऱ्याबाहेर उभी होते. तिथंच, जिथं तुम्ही उभी केली होतीत. मॅडम आत जाऊन म्हणाल्या, "मुलगी एकच दिसते. ही कुस्ती कुणाशी खेळणार? दोन महिला खेळाडू नसतील तर मला तसं लिहावं लागेल." शेठचं पोटसुद्धा आत गेलं. मला गाळे दिसायला लागले, नाना. मोबाईलचा गाळा, चपलांचा गाळा, आणि मधे कुठेतरी तुमची माती, फरशीखाली. आणि त्याच वेळी भाऊचं ते वाक्य माझ्या डोक्यात असं काही चढलं, की मी घमेलं खाली ठेवलं. "भाऊ," म्हटलं, "साहेबले चालस नि माले नही चालस? मन्हा हात पन्नास वरीसपाईन ह्या माटीमा शेतस. पायसनी काय पाप करेल शे?"

मी चपला काढल्या, पदर खोचला, माती कपाळाला लावली आणि आत गेले. जावई फोनवर व्हिडिओ काढत होते, ते इतके गडबडले, की त्या व्हिडिओत फक्त त्यांच्या पायाचे अंगठे आहेत. मॅडमनी विचारलं, "आजी, तुम्ही खेळाडू आहात?" मी म्हटलं, घरातलीच आहे. त्यांनी वय विचारलं, क्षणभर विचार केला आणि लिहिलं: खुला गट.

पोर बिचारी लाजत होती. "अक्का, मी हळू खेळस," म्हणाली. मी म्हटलं, हळू खेळशील तर नाना वरून शिव्या घालतील. सलामी झाली. माती पायाखाली कशी लागते ते मला पहिल्यांदा कळलं. गार, आणि थोडी तेलकट, भाकरीच्या पिठापेक्षा जरा सैल. तिनं हात धरला, खांदा फिरवला. मला स्पष्ट दिसलं, ही ढाक लावते आहे. तोडही माहीत होती. डोळ्यांना माहीत होती, गुडघ्यांना नव्हती. पुढच्या क्षणी मी उताणी होते आणि मला अस्मान दिसलं. खरोखरीचं, कारण बरोबर वरचे दोन पत्रे उडालेले होते.

पडल्या पडल्या मान वळली आणि आपल्या स्वयंपाकघराची भिंत दिसली. ती भिंत मी जन्मात पहिल्यांदा तालमीच्या बाजूनं पाहत होते. सगळ्या भिंतीला वितीवितीवर खुंट्या, खुंट्यांवर लंगोट, सदरे, टॉवेल, पाय ठेवायला म्हणतात तशी हात ठेवायला जागा नाही. फक्त ती दोन भोकं उघडी. एक आठ वर्षांच्या पोरीच्या उंचीवर, एक त्याच्या वर, आणि दोन्हींच्या आसपास एकही खुंटी नाही. भाऊ मला उठवायला आला तर मी पडूनच विचारलं, "भाऊ, तठे खुंटी का बरं नही?"

"नाना ठोकू देत नव्हतात," तो म्हणाला. "म्हनेत, धूर आडकस."

मग मी रडले. सगळ्यांना वाटलं लागलं असेल. मी म्हटलं, डोळ्यात हळद गेली. नाना, धुराला वर जायला जागा लागते, हे काय तुम्हाला कळत नव्हतं? उंबऱ्याबाहेर उभं केलंत त्याचा राग मी इतकी वर्षं जपून ठेवला होता, आणि तो त्या मातीत पडल्या पडल्या हातातून निसटला. अजून शोधते आहे, सापडत नाही.

मदत आली. पैसे नाहीत, वस्तू आल्या: सॅनिटायझरचं पिंप, 'शासन अनुदानित' असा मोठा निळा फलक, आणि गुंडाळी केलेली एक मॅट. फलकानं तालीम वाचवली. सरकारचं नाव लागलेल्या भिंतीला हात लावायची पंचायतीत कोणाची छाती नाही, दगड कुठले का असेनात. पत्रे शेठनं स्वतःचे घातले. मॅट मातीवर अंथरायची कल्पना कोणी काढली तर भाऊ त्याच्याकडे असा पाहतो, की तो माणूस विषय बदलतो. ती ओट्यावर घातली आहे. दुपारी गावातले म्हातारे तिच्यावर झोपतात आणि पाठीला फार आराम आहे म्हणतात. आता सकाळी मातीत मुलीही येतात. भाऊ त्यांच्यावर मुलांइतकाच ओरडतो, म्हणजे नियम खराच मोडला असं समजायला हरकत नाही.

हे पत्र घडी करून त्या वरच्या भोकात ठेवावं, असं मनात आलं होतं. पण मग मला आत काही दिसलं नसतं, म्हणून हळदीच्या डब्यामागे ठेवते आहे. घरात आता गॅस आहे, धूर नाही. तरी मी स्वयंपाक करता करता अजून तिथं डोळा लावते, फक्त आता बरंच वाकावं लागतं. एक गोष्ट मात्र तुम्हाला खरी सांगायला हवी. मी गावभर सांगितलं आहे, की पोर लहान आहे, सरकारी पाहणी आहे, म्हणून मी आपणहून पडले. शेठ, जावई, सगळे तेच धरून चालतात. तसं नाही, नाना. मी पुरा जोर लावला होता, आणि तिनं मला रीतसर पाडलं.