ताईच्या पेशी मागे नेतात

४ मार्च
काहीतरी शिजतंय! ताईला रक्ताचा कॅन्सर, आणि भावोजींची रजा संपली म्हणून तिची ने-आण माझ्या गळ्यात. नाहीतर बरी होते मी — समुद्राकाठी सायकली भाड्याने देत. आज संशोधनवाल्या बाईंनी ताईच्या दंडावरून कातडीचा इवलासा तुकडा घेतला. रोग रक्तात, मग कातडी कशाला? "तुलनेसाठी," म्हणे. तुलना! साड्या निवडतायत का?

२१ एप्रिल
प्रयोगशाळेत जायचं तर आपल्या चपला दाराशी, पायात त्यांच्या निळ्या. सगळ्या माझ्या पायाला मोठ्या. फटक्-फटक् करत गेले आणि आतलं बोलणं एकदम बंद! बाई छताकडे बघायला लागल्या. छतावर काय, पाल होती? (एकदा एका धर्मशाळेत माझ्या उशीवरच — जाऊ दे.)

१३ मे
बाईंनी सूक्ष्मदर्शकातून दाखवलं. ताईच्या कॅन्सरच्या पेशींत काही जनुकं घालून त्यांना मागे नेलंय — गर्भात असतात तशा कोवळ्या, कशाचंही काही होऊ शकेल अशा. आता त्यांना पुन्हा रक्त व्हायला लावायचं आणि बिघाड कुठल्या वळणावर होतो ते पकडायचं. निरोगी कातडीच्याही तशाच करून शेजारी ठेवल्यात.
ताई म्हणाली, "मलाही न्या हो मागे. फक्त लग्नाच्या अलीकडे थांबवा!" भावोजी नव्हते म्हणून बरं.
मी हसले नाही. ताई इथे वाळत चाललीय आणि तिच्या पेशी तिथे गुबगुबीत! विकत असतील. नक्की.

१४ मे
ताईला म्हटलं, पुन्हा नमुना देऊ नकोस.
"गप गं. तुला देवमाणसाचीसुद्धा सावली वाकडी दिसते."

२ जून
बाई मलाच विचारतात — दमतेस का? अंगावर काळेनिळे डाग उठतात का? मी म्हटलं, पेशंट ती आहे, मी नाही! बाईंनी ताईकडे पाहिलं. ताईने मान हलवली — नाही, अशी. मी पाहिलं!! दोघी सामील आहेत. घरी येऊन निघून जायला पिशवी भरली. ताई झोपली होती, पांघरूण सरकलेलं. ते नीट केलं आणि पिशवी उपसली.

१९ जून
बिघाड ताईच्या कातडीच्या निरोगी पेशींतही निघाला. म्हणजे जन्मापासूनचा — आईकडून नाहीतर बाबांकडून आलेला. बाई मला केव्हाच सांगणार होत्या. ताईनेच अडवलं — "ती बुजेल, पळून जाईल. मी सांगते." आज सांगितलं. माझा हात घट्ट धरून.
उद्या माझं रक्त घेणार.