बावीस वर्षांनंतरचा एक 'आऊट'

क्वीन्स, न्यूयॉर्क
बुधवार, सकाळ

प्रिय बर्नाडेटताई,

साष्टांग नमस्कार. (इथूनच घालतो, कंबर अजून वाकते, उठवायला मात्र तुझी भावजय रोझलिंड लागते.) तुझा गुडघा कसा आहे? भावोजींनी सिगार सोडल्याचं कळलं. कितव्यांदा, ते कळव.

काल टीव्हीवर ज्याला स्टेडियमबाहेर काढताना दाखवलं, तो मीच. आता नीट ऐक. जगातल्या चार मोठ्या टेनिस स्पर्धांपैकी आपल्या इथल्या स्पर्धेत मी बावीस वर्षं रेषेमागे वाकून उभा राहिलो आणि चेंडू बाहेर पडला की 'आऊट' ओरडलो. मग यंत्र आलं. (त्याला ना कंबर, ना कॉफी, ना लघवीची सुट्टी.) आम्ही घरी बसलो. यंदा रोझलिंडने पहिल्यांदाच तिकिटं काढली, अगदी वरच्या रांगेतली, जिथून खेळाडू मुंगीएवढे आणि विमानं म्हशीएवढी दिसतात. वर पिळाच्या खारट पावाचं एक प्रेट्झेल हातात देऊन बजावलं, "तोंडात प्रेट्झेल ठेवायचं. आवाज काढायचा नाही."

खेळत होती ओडेसा प्रुइट, ओहायोची एकोणीस वर्षांची पोर, पात्रता फेरीतून धडपडत आलेली. समोर सहा फुटी, नावाजलेली झेक बाई. शेवटचा सेट, आणखी एक गुण गेला की पोर घरी. झेक बाईने चेंडू मागच्या रेषेजवळ हाणला आणि ताई, माझा हात आपसूक उठला, प्रेट्झेल पुढच्या गृहस्थाच्या टकलावर पडलं आणि त्या चिडीचूप स्टेडियममध्ये मी ओरडलो, "आऊट!" पोरीने रॅकेट खाली घेतली. यंत्र मात्र गप्प, कारण चेंडू आत होता. प्रेक्षकाने व्यत्यय आणला म्हणून पंचांनी तो गुण पुन्हा खेळवला. तो पोरीने जिंकला!

तेवढ्यात रखवालदार आले. "चला काका." मी रोझलिंडकडे पाहिलं. "तू हो पुढे," ती म्हणाली, "आत्ता कुठे रंगत आलीय."

फाटकाबाहेरच्या बाकावर बसून मी टाळ्यांवरून सामना ऐकला. पोर जिंकली. नंतर पंच बाहेर आले. माझा जुना सहकारी डेझमंडच. म्हणाला, "ऑर्विल, चेंडू चार बोटं आत होता रे. दिसला नाही तुला?"

"वय झालं," मी म्हणालो.

"आवाजाचं नाही झालं," तो म्हणाला आणि पाठीवर थाप मारून गेला. वर्षभराची बंदी आहे, पण असो.

तुझा धाकटा,
ऑर्विल

ता.क. रोझलिंड मागे उभी राहून वाचतेय. खरं लिही म्हणते. चेंडू आत पडलेला मला इतक्या वरूनही स्वच्छ दिसला होता. पण त्याआधी मोठ्या पडद्यावर पोरीची आई दाखवली होती; खाली पहिल्या रांगेत डोळे गच्च मिटून एकटीच बसली होती. बावीस वर्षांत मी एकही खोटा 'आऊट' दिला नाही. एक शिल्लक होता.

ता.क. २. पोरीचा पुढचा सामना उद्या संध्याकाळी आहे; त्याचीही दोन तिकिटं आहेत, पण बंदीमुळे रोझलिंडच्या शेजारची माझी खुर्ची रिकामी. हे पत्र घेऊन आलेला रोझलिंडचा भाऊ उद्या पहाटेच इकडे परत निघतोय; त्याच्याच गाडीत बस. लहानपणी तू मला जेवायला हाक मारलीस की तिसऱ्या गल्लीतली पोरंसुद्धा आपापल्या घरी पळायची. घसा जप.