डिचोलीचा हेल

आई,

परवा मोपाला गेले होते. तू पाहिलेलं माळरान आता तिथे नाही, विमानं उतरतात. मी मात्र विमानतळाला वळसा घालून पलीकडच्या वाडीवर गेले, माझ्या नेहमीच्या कामाला. ते काम तुला कधी नीट कळलं नाही आणि मलाही धड सांगता आलं नाही. "लोकांक बोलूक लावतंस आनी ऐकतंस, त्याचो पगार दितत?" असं म्हणून तू हसायचीस. खरं म्हणजे तेवढंच आहे ते. एकच गोष्ट या गावात कशी सांगतात, नदीपलीकडे कशी सांगतात, आजी कशी बोलायची आणि नात कशी बोलते, हे टिपत जायचं, आणि एका भाषेच्या दोन, दोनाच्या चार कशा होत गेल्या ते समजून घ्यायचं.

बरोबर माझी एक विद्यार्थिनी होती. आम्ही ज्या म्हातारीकडे गेलो ती अंगणात काजूच्या बिया वाळत घालता घालता सुनेशी भांडत होती, आणि इतकं सुरेख भांडत होती की आम्ही दारातच थांबलो. मी रेकॉर्डर काढला मात्र, "रावा हां" म्हणून ती आत गेली. बाहेर आली ती जरीकाठाची साडी नेसून, अंबाड्यात अबोली माळून. खुर्चीत ताठ बसली आणि म्हणाली, "आमचे गाव निसर्गरम्य आहे." विद्यार्थिनीने कपाळाला हात लावायचंच बाकी ठेवलं. "मॅडम, याचा काही उपयोग नाही," ती माझ्या कानाशी म्हणाली. मला आधी हसू आलं आणि मग डोळेच भरून आले, कारण खुर्चीत तू बसली होतीस.

मी एम.ए.ला असताना कोरगावला टेपरेकॉर्डर घेऊन आले होते, आठवतं? मला तू स्वयंपाकघरात हवी होतीस, आडाळ्यावर नारळ खवताना, जनेलातून शेजारणीला हाका मारताना. तू सोप्यावर खुर्ची मांडलीस, जत्रेची साडी नेसलीस, आणि घसा खाकरून सुरू केलंस, "मी विवाहानंतर या गावी आले. आमच्या घराला पुष्कळ खिडक्या आहेत." खिडक्या! जन्मात तू जनेलाला खिडकी म्हटलं नव्हतंस. मी थोडा वेळ ऐकून घेतलं आणि मग वैतागून टेप बंद केली. "रोज उलयतंस तशां उलय गे, आई," मी म्हटलं. तू पदर सारखा केलास आणि म्हणालीस, "तशां उलयलंय तर थंयचे लोक हसतले. मगे तुका बरां दिसात?" तसं बोललीस तर माझ्या विद्यापीठातले लोक हसतील आणि ते मला बरं दिसणार नाही, ही तुझी काळजी. तुझ्या तोंडचं तेवढंच खरं वाक्य, आणि नेमकी तेव्हा टेप बंद. त्या टेपशिवाय तुझ्या आवाजाची दुसरी खूण माझ्याकडे नाही.

हसणं म्हणजे काय ते तुला ठाऊक होतं. तू डिचोलीची, वाक्याचा शेवट लांबवून बोलायचीस. नवी नवरी म्हणून कोरगावला आलीस तेव्हा दिरांनी पंगतीत तुझी नक्कल केली आणि सगळे हसले, हे तूच मला एकदा भाकऱ्या थापताना सांगितलं होतंस, हसत हसतच. तो हेल तू गिळून टाकलास आणि बघता बघता कोरगावकरीण झालीस. फक्त माहेरचं माणूस आलं की चुलीवर चहा ठेवता ठेवता तुझं बोलणं पुन्हा लांबायला लागायचं, आणि आम्ही पोरं तुझ्याकडे बघत राहायचो. बोली लग्नांनी बदलतात, बाजारांनी बदलतात आणि कुणीतरी हसलं म्हणूनही बदलतात, हे मी आता वर्गात शिकवते. उदाहरण तुझंच देते, नाव घेत नाही.

मोपाच्या म्हातारीला मी मनसोक्त बोलू दिलं. निसर्गरम्य गाव झालं, पवित्र देऊळ झालं, ती दमून खुश झाली. परक्यासमोर माणूस जे नेसून येतो तीही त्याची भाषाच, असं मी गाडीत विद्यार्थिनीला सांगितलं, आणि सांगता सांगता वाटलं, त्या दिवशी मी तुला परकी वाटले असेन. त्याचं फार वाईट वाटलं.

घरी येऊन तुझी टेप लावली. ती मी मागेच फोनवर उतरवून घेतली आहे, पण ऐकत नव्हते; त्यात तू नाहीस अशी माझी पक्की समजूत होती. विवाह, खिडक्या, भातशेती, सगळं तसंच. मग तू म्हणतेस, "माझे माहेर डिचोली तालुक्यात आहे." त्या 'आहे'पाशी तुझा आवाज लांबतो. शब्द पुस्तकातला आणि हेल तुझ्या घरचा. एवढं सगळं झाकूनपाकून घेतलंस आणि तेवढं उघडं राहिलं. मी ते पुन्हा पुन्हा लावलं आणि मेजावर डोकं ठेवून रडले. नंतर बरं वाटलं.

म्हणून आज लिहायला बसले. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, तरी शहाण्यासारखं वाचून पाहिलं. यातलं एकही वाक्य मी तुझ्याशी असं बोलले नसते. आपल्या बोलीतच लिहिणार होते, पण पहिल्याच ओळीला हात अडला आणि ही मराठी कधी आली ते कळलं नाही. तुझ्यासमोर यायचं म्हणून मीही जत्रेची साडीच नेसून बसले आहे. एक वाक्य तेवढं मनात आपल्या बोलीत आलं होतं. ते इथे लिहीत नाही. मघाशी जनेलाशी उभी राहून मोठ्याने म्हटलं, तर शेवटाला माझा आवाज लांबला. मी डिचोलीला कधी राहिलेली नाही.