मऊ भातातलं मीठ

तीर्थरूप बाबांना नमस्कार, आणि तुमच्या कुरकुरत्या गुडघ्यांनाही.

मी ठीक आहे. लाँड्रीत आता मला इस्त्रीवरून काढून घड्या घालायला बसवलंय, त्यामुळे हात भाजत नाहीत. खोलीतला जोडीदार वेल्डर आहे. घोरतो, पण भांडी घासतो.

तुम्ही लिहिलंत, आई गेल्यापासून मऊ भात अळणीच होतो. तांदूळ तोच, पातेलं तेच, मीठही नेहमीचंच, चिमूटभर. उगाच तांदूळ बदलू नका, त्याचा दोष नाही.

आई मीठ टाकून कपडे वाळत घालायला गेली, की तुम्ही दाराकडे बघत गुपचूप झाकण काढून चिमूटभर टाकायचात. ती विसरते, असं तुम्हाला वाटायचं. तिला ते लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं. तिने स्वतःचं मीठ निम्मं केलं. मी इकडे निघताना कृती लिहून घेतली, तेव्हा हे सांगून हसत सुटली. "त्यांना सांगू नकोस हं. तेवढाच त्यांचा स्वयंपाक!"

इतके दिवस शब्द पाळला. पण तुम्ही अर्ध्या ताटावरून उठता असं ताई कळवते, म्हणून मोडतोय.

मी इथे आधी तिचं मीठ टाकतो. झाकण ठेवून खिडकीपर्यंत जाऊन येतो, मग तुमचं. वेल्डर म्हणतो, एकदमच टाक की. त्याला काय कळतंय?

तुम्हीही आता दोनदा टाका. पहिल्यांदा टाकताना मात्र दाराकडे बघू नका. ते तिचं आहे.

गोळ्या घेता ना?

तुमचा,
धाकटा