पाटलोणीवरची कुसळं

भाऊबीज, १९३७
दिगू आला नाही. हे तिसरं वर्ष. पाट मांडला, निरांजन लावलं, शेवटी चंद्राला ओवाळलं. आबा सकाळपासून ओट्यावर, हातात काठी. चित्रं काढायला मुंबईला पळाला तो मुलगा आपला नाही, हे त्यांचं ठरलेलं. तरी आजच्या दिवशी ओटा काही सोडला नाही.
दुपारी माळाकडच्या बांधावर कुत्रा फार भुंकला. मी करंज्या तळत होते, उठले नाही.

९ फेब्रु. १९३८, बुध.
शाळा सुटताना हेडमास्तरांनी मासिक दिलं. "बाई, तुमच्या भावाचं चित्र छापून आलंय."
पानभर, रंगीत. इराण्याचं हॉटेल, संगमरवरी टेबल, निवलेला चहा. बसलाय तो दिगूच, स्वतःलाच काढलंय. पाटलोण, बूट. किती वाळलाय मेला! समोरची खुर्ची रिकामी. पाटलोणीच्या काठाला पाच-सहा बारीक पिवळट रेघा.
खाली कुणा विद्वानाने लिहिलंय, या रेघा म्हणजे शहरी माणसाच्या मनाला टोचणारे काटे. हेडमास्तर मान डोलवत होते. मला हसू आवरेना. काटे कसले, कुसळं आहेत ती! आमच्या माळावरच्या गवतातून आलं की चिकटतात तीच. लहानपणी दिगू भटकून आला की पायरीवर बसवून मी एकेक वेचायची, मगच घरात घ्यायची.

१० फेब्रु.
भाकरी थापताना एकदम लक्षात आलं. मुंबईत कुसळं कुठली? आणि ती पिकतात दिवाळीच्या सुमाराला. म्हणजे दिगू आला होता. आटगाव स्टेशनात उतरला, माळ तुडवला, बांधापर्यंत पोचला. ओट्यावर आबांची काठी दिसली असणार. तसाच मागे फिरला.
कुत्रा त्याच्यावरच भुंकला.
आबांना बोल लावायला निघाले होते. पण उठले नाही ती मी. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, आपलं मुसळ नाही, ते असं. फार तर चार करंज्या करपल्या असत्या. हाकेच्या अंतरावर होता माझा भाऊ.

१३ फेब्रु., रवि.
आबांपुढे मासिक ठेवलं. भिरकावतील वाटलं होतं. उन्हात धरून पुष्कळ वेळ बघितलं. मग बोट नेमकं पाटलोणीवर.
"कवा आलता गो?"
"भाऊबीजेला."
मग म्हणाले, "पाटलोण घातलीय, पन कुसळं काढाया मानूस नाय त्याच्याकडं."
उठून गोठ्यात गेले. मासिक त्यांच्या उशाखाली आहे. हेडमास्तरांना काय सांगावं ते बघू.

२० फेब्रु.
मासिकवाल्यांच्या पत्त्यावर दिगूला कार्ड टाकलं. पुष्कळ लिहायचं होतं. 'कुसळं दिसली. ये.' एवढंच लिहवलं.

भाऊबीज, १९३८
कार्डाचं उत्तर नाही. पोचलं की नाही, देव जाणे.
सकाळीच आबांनी कोट चढवला. "शापूरला जाऊन येतो. सांज होल." आज बाजार नाही, कचेरी बंद. ते वळणाआड गेल्यावर बघितलं तर काठी दाराआड. गुडघे धरलेला माणूस, काठी घरी ठेवून गेला.
करंज्या कालच तळून ठेवल्या. कुत्रा गोठ्यात बांधलाय. ओटा मोकळा. मी पायरीवर बसून लिहितेय.
आटगावला गाडीची शिट्टी मघाशी ऐकली. माळ ओलांडायला तास लागतो. अजून तास व्हायचाय.